युद्धकाळचीं पत्रें

युद्धाचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या कागदांवरून लिहिला जातो. एक सेनापतींचे खलिते आणि दुसरे राजकारणी पुरुषांचे करारमदार. लढाई कोणत्या दिवशीं झाली, कोण हटला, कोणीं किती मुलूख घेतला, हें सारें त्यांत सांपडतें. परंतु त्याच दिवसांत तिसऱ्या एका प्रकारचे कागद लिहिले जात असतात, आणि संख्येनें ते पहिल्या दोहोंच्या कितीतरी पट असतात. शिपायानें आईस लिहिलेलें पत्र, सावकारानें आपल्या पेढीस कळविलेला मजकूर, डॉक्टरानें घरीं पाठविलेली खुशाली, पलटणीच्या अधिकाऱ्यानें एखाद्या विधवेस धाडलेला चार ओळींचा कागद, हा तो तिसरा प्रकार होय. आज मी त्याच्याविषयीं बोलणार आहें. आणि हे कागद कोणीं जपले व कोणीं गमावले, याकडे आपलें लक्ष विशेषेंकरून वेधणार आहें.

आपल्याकडे पत्र लिहिण्याची एक ठरीव रीत होती. आरंभीं वडील माणसांस नमस्कार, मग येथील क्षेम, मग तिकडील क्षेम कळविण्याची विनंति, आणि त्यानंतर कामाची गोष्ट. शांततेच्या दिवसांत वाचणारा हीं पहिलीं वाक्यें ओलांडून कामाच्या ओळीकडे धांव घेतो. युद्धाच्या दिवसांत मात्र हा क्रम उलटतो. तेव्हां क्षेमाची ओळ हीच कामाची ओळ होते, आणि डोळा सर्वांत आधीं जातो तो वरच्या तारखेकडे. कारण पत्र हातीं पडलें त्या दिवशीं लिहिणारा सुखरूप आहे, असें कोणतेंच पत्र सांगूं शकत नाहीं. लिहिलें त्या दिवशीं तो सुखरूप होता, इतकेंच तें सांगतें. मधले दिवस घरच्या माणसांनीं आपल्या धीरावर काढावयाचे असतात.

प्रथम आपल्याच इतिहासांतलें एक उदाहरण घेऊं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठी फौजांचा मोड झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं उत्तरेकडे निघालेले होते. त्यांना त्या अनर्थाची वार्ता एका सावकारी पत्रावरून लागली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या पत्रांत कोणा माणसाचें नांव नव्हतें. दोन मोत्यें गळालीं, इतक्या मोहरा गेल्या, आणि रुपें-तांबें किती गेलें त्याची गणती नाहीं, असा जवाहिऱ्याच्या दुकानांतला वाटावा तसा मजकूर होता. पेशव्यांनीं तो वाचतांच ओळखलें. विश्वासराव व भाऊसाहेब हीं मोत्यें होतीं, नामांकित सरदार त्या मोहरा होत्या, आणि ज्यांचीं नांवें कोणीही मोजून ठेवलीं नाहींत ते शिपाई म्हणजे रुपें-तांबें होतें. सावकाराच्या जासुदास परक्या मुलुखांतून जावयाचें असे. वाटेंत पत्र उघडलें जाण्याचें भय असे. म्हणून व्यापाराच्या भाषेच्या पोटांत मृत्यूची बातमी लपवून पाठविली गेली.

त्या काळचीं पत्रें आज आपणांस वाचावयास मिळतात, त्याचें श्रेय कोणाला? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड छापला. त्यांत १७५० पासून १७६१ पर्यंतचीं, म्हणजे पानिपतापर्यंतचीं, पत्रें आहेत. पुढें या मालेचे २२ खंड झाले. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून हे कागद मिळविले. माळ्यावरच्या रुमालांत बांधलेले, अर्धवट वाळवीनें खाल्लेले, घरांतल्या माणसांस स्वतःला वाचतां न येणारे, पण 'वाडवडिलांचे आहेत, टाकूं नयेत' एवढ्याच भावनेनें राखलेले असे ते कागद होते. घरांनीं राखले म्हणून राजवाड्यांना गवसले.

आतां दीडशें वर्षें पुढें येऊं. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें आणि सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस हिंदी फौजेची पहिली तुकडी फ्रान्सांतील मार्सेय बंदरांत उतरली. चार वर्षांत दहा लाखांहून अधिक हिंदी शिपाई व मजूर समुद्रापार गेले. त्यांत आपलीं मराठी माणसेंही होतीं. खडकीच्या सफरमैना पलटणीच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं नव्ह शापेल या फ्रेंच खेड्यांत लढल्या आणि त्यांची फार मोठी हानि झाली. मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडल्या. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतींत संपला. उरलेल्यांना वाळवंटांतून पायीं बंदिवासांत नेण्यांत आलें, आणि त्यांतले कितीएक परत आले नाहींत.

या माणसांनीं घरीं पत्रें लिहिलीं असतील काय? लिहिलीं, आणि पुष्कळ लिहिलीं. १९१५ च्या मार्च महिन्यांत एकट्या फ्रान्सांतून हिंदी शिपायांचीं दर आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रें निघत होतीं. पुष्कळांस लिहितां येत नव्हतें. ते पलटणींतल्या एखाद्या जाणत्या सोबत्याकडून लिहवून घेत. सरकारनें या टपालावर नजर ठेवण्यासाठीं फ्रान्समध्यें एक कचेरी उघडली आणि हिंदुस्थानांत मुलकी नोकरी केलेले हॉवेल नांवाचे अधिकारी तिच्यावर नेमले. त्यांच्या हाताखालीं मोजकीं माणसें होतीं. सगळीं पत्रें वाचणें अशक्यच होतें. जीं वाचलीं जात, त्यांतल्या कांहींचे उतारे इंग्रजींत भाषांतर करून दर आठवड्याच्या अहवालास जोडले जात.

आपलें पत्र वाचलें जातें हें शिपायांना ठाऊक होतें. मग त्यांनींही पानिपतच्या त्या सावकाराचीच युक्ति योजिली. काळी मिरी संपत आली आहे, लाल मिरची अजून पुष्कळशी शिल्लक आहे, अशा अर्थाचा मजकूर कोणी लिही. वरवर पाहणाऱ्यास ती स्वयंपाकघरांतली गोष्ट वाटावी. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, हें जाणत्यानेंच ओळखावें. अर्थात् कचेरींतल्या मंडळींनींही तें ओळखलेंच, म्हणून तर तें आज आपल्याला ठाऊक आहे.

याच युद्धांत ब्रिटिश सैन्यानें एक छापील पोस्टकार्ड काढलें होतें. त्यावर मी बरा आहें, मी इस्पितळांत आहें, मला तुमचें पत्र मिळालें, अशा अर्थाचीं वाक्यें तयार छापलेलीं असत. शिपायानें नको तीं खोडावयाचीं आणि खालीं सही व तारीख घालावयाची. याहून एक शब्द अधिक लिहिला तर कार्ड नष्ट केलें जाईल, अशी सूचना वरच छापलेली असे. आपल्या जुन्या पत्रांतली क्षेमाची ओळ तेवढी ठेवावी आणि बाकीचें सारें पत्र कापून टाकावें, तसें हें कार्ड होतें. तरी तें हातीं पडतांच घराघरांतून देवापुढें दिवा लागला असेल, यांत मला शंका वाटत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. कचेरीनें उतारे करून घेतले, आणि जीं पत्रें अडविलीं नाहींत तीं पुढें घरोघर रवाना झालीं. उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत सुरक्षित आहेत. डेव्हिड ओमिसी या अभ्यासकानें त्यांतले सहाशेंहून अधिक निवडून १९९९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. मग घरीं आलेलीं मूळ पत्रें कोठें आहेत? तीं जवळजवळ नाहींशीं झालीं. हा केवढा उलटा प्रकार आहे पहा! ज्याच्यापासून लपवावयाचें त्यानें तीं जपलीं, आणि ज्याच्यासाठीं लिहिलीं त्याच्या घरीं तीं उरलीं नाहींत. त्या उताऱ्यांत बहुतेक पत्रें पंजाब व उत्तरेकडच्या शिपायांचीं आहेत, मराठींतलीं थोडीं. आणि जीं आहेत तीं इंग्रजींत. आजोबा जें मराठींत बोलले, तें नातवाला परक्या माणसाच्या भाषांतरांतून वाचावें लागतें. 'बाबा', 'आये', 'धाकटीला आशीर्वाद' हे त्यांचे शब्द गेले ते गेलेच. सातारा जिल्ह्यांत अपशिंगे गांवीं पहिल्या महायुद्धांत कामीं आलेल्यांचें स्मारक आहे. मेलेले किती, हें दगड सांगतो. ते काय बोलत होते, हें त्याला सांगतां येत नाहीं.

सर्वच घरांनीं असें केलें असेंही नाहीं. त्याच कूतच्या वेढ्यांत कल्याणकुमार मुखर्जी नांवाचे एक बंगाली लष्करी डॉक्टर होते. दिवसभर जखमींची शुश्रूषा करून ते घरीं पत्रें लिहीत. त्या पत्रांत रणांगणाचें वर्णन आहे आणि एकंदर युद्धाविषयींचा उद्वेगही आहे. १९१७ सालीं बंदिवासांतच त्यांचें निधन झालें. त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदादेवी यांनीं तीं पत्रें पुढें ठेवून, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, नातवाचें चरित्र लिहिलें. 'कल्याण-प्रदीप' या नांवानें तें १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. एका आजीनें पत्रें राखलीं, म्हणून त्या वेढ्याची एका हिंदी माणसाच्या डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. आपल्या मराठा पलटणींतले शेंकडों लोक त्याच वेढ्यांत होते.

दुसऱ्या महायुद्धांत वीस लाखांहून अधिक हिंदी लोक फौजेंत भरती झाले, आणि पत्रांवरची तपासणी पुन्हां सुरू झाली. तेव्हांचे अहवालही शिल्लक आहेत. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. १९४३ च्या सुमारास ईजिप्त व इटलीकडच्या शिपायांना शत्रूच्या तोफांपेक्षां घरच्या धान्याच्या भावाची चिंता अधिक पडली होती. बंगालचा दुष्काळ, वाढती महागाई, रॉकेलची टंचाई हें सारें त्यांना घरच्या पत्रांतून कळत होतें. पाठविलेल्या पगारांत घर कसें चालत असेल, हा त्यांचा घोर होता.

याच काळांतलें एक मराठी उदाहरण पलटणीबाहेरचें आहे. नोव्हेंबर १९३७ मध्यें चीनचे सेनापति चू ते यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितलें. त्या एका कामाच्या पत्रावरून काँग्रेसनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस चीनमध्यें असतांनाच इकडे त्यांचे वडील वारले. ती वार्ता त्यांना तिकडे कळली, आणि तरीही ते काम सोडून परतले नाहींत. ज्या मुलाला बाप गेल्याचें इतक्या दूर कळतें, आणि ज्या आईला मुलगा येत नाहीं हें पत्रांतूनच वाचावें लागतें, त्या दोघांमधल्या कागदाचें मोल कोणत्या तराजूंत करावें? कोटणिसांनीं तिकडेच विवाह केला, चिनी विद्यार्थ्यांसाठीं शस्त्रक्रियेवर चिनी भाषेंत पुस्तक लिहिलें, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच देह ठेवला. त्यांचे बंधु मंगेश यांनीं पुढें त्यांचें चरित्र लिहिलें. कोटणिसांचें नांव आपण चित्रपटामुळें जाणतों. पण पडद्यावरच्या मूर्तीच्या आड असलेला सोलापूरचा मुलगा घरच्यांनीं जपलेल्या आठवणींतूनच भेटतो.

श्रोतेहो, हीं झालीं मोठ्या नांवांचीं उदाहरणें. माझें सारें आयुष्य जळगांव जामोदसारख्या आडबाजूच्या तालुक्यांत गेलें. सातपुड्याच्या पायथ्याशीं आमचें गांव. रेल्वेसाठीं नांदुऱ्यास जावें लागतें. गांवांत व आसपासच्या खेड्यांत फौजेंत गेलेलीं माणसें थोडीं, पण होतीं. १९७१ च्या युद्धाच्या वेळीं मी शाळकरी पोर होतों, आणि वाचतां येतें म्हणून शेजारपाजारचीं पत्रें वाचून दाखविण्याचें काम मजकडे येई. पुढें शिक्षक झाल्यावर तें काम मास्तरकीच्या जोडीनें वर्षानुवर्षें चालू राहिलें. १९९९ च्या कारगिलच्या लढाईपर्यंत चाललें. तेव्हां तालुक्याच्या ठिकाणीं टेलिफोन आले होते, पण बर्फाच्या डोंगरावर उभ्या असलेल्या मुलाचा निरोप यावयाचा तो पत्रानेंच.

त्या पत्रांवर पत्त्याच्या जागीं गांवाचें नांव नसे, '५६ ए. पी. ओ.' एवढेंच असे. मुलगा काश्मिरांत आहे कीं राजस्थानांत, हें आईला कळूं नये अशीच ती योजना होती. मजकूर काय असे? कपाशी किती निघाली, विहिरीस पाणी किती, थोरल्या बैलाचा खूर बरा झाला कां, धाकट्याचें नांव शाळेंत घातलें कां, सोसायटीचा हप्ता भरला कां. लढाईचा शब्द नाहीं. शहरांतल्या वाचकास वाटेल, अशा वेळीं ह्या कसल्या चौकशा! परंतु मी तीं पत्रें मोठ्यानें वाचलीं आहेत आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले आहेत. ज्याला बैलाचा खूर आठवतो तो मनानें अजून वावरांत उभा आहे, हें त्या मायबापांना उमगे. अक्षर न येणारी माय वाचून झालेलें पत्र माझ्या हातांतून परत घेई, आणि दोन्ही बाजू निरखून पाही. अक्षर नेहमींसारखें आहे कीं कांपलेलें आहे, हें ती मला विचारी.

मग उत्तर लिहावयाचें. कारगिलच्या वेळची एक गोष्ट सांगतों. घरीं बाप अंथरुणाला खिळलेला. आई मला मजकूर सांगत होती. मीं आजाराचा विषय काढतांच ती म्हणाली, "मास्तर, त्याच्या बाच्या दुखन्याचं नोका लेहू. तो तथी उभा हाये. तेले सांगून का फायदा?" मीं तिच्या सांगण्याप्रमाणें सर्व क्षेम असल्याचें लिहिलें. तिकडून मुलगाही सर्व क्षेम असल्याचें लिहीत होता. कांहीं दिवसांनीं त्याचें पत्र आलें, त्यांत शेवटीं एकच ओळ अधिक होती: बाबांना म्हणावें, पुढचें पत्र तुम्ही आपल्या हातानें लिहा. आईनें मला ती ओळ दोनदां वाचावयास लावली. त्याला कळलें होतें. आणि त्याला कळलें हें तिलाही कळलें.

म्हणून मी म्हणतों कीं युद्धकाळच्या पत्रावर दोन पहारे असतात. एक सरकारचा; तो ठिकाण, पलटण व तारीख झांकतो. दुसरा घरचा; तो दुखणें, कर्ज आणि भीति झांकतो. हे दोन्ही पहारे ओलांडून जें कागदावर उतरतें, तें बैलाच्या खुराएवढें बारीक असतें. जुनें पत्र वाचतांना 'यांत विशेष कांहीं नाहीं' असें म्हणून तें बाजूस टाकण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असावें.

आणखी एका प्रकारच्या पत्राचा उल्लेख केल्यावांचून पुढें जावत नाहीं. तार आली कीं घर हबकत असे; ती तारही जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु तारेच्या मागून पलटणीच्या अधिकाऱ्याचें पत्र येई, मग सामानाची यादी, मग पेन्शनचे कागद. सामानाच्या यादींत घड्याळ, कंबरपट्टा, एक वही, आणि पुष्कळदां 'पत्रें, एक जुडी' अशी नोंद असे. म्हणजे घरून गेलेलीं पत्रें त्यानें तिकडे सांभाळलीं होतीं! रणांगणावर, पाठीवरच्या पिशवींत, जेथें एकेक वस्तु वजन मोजून ठेवावयाची, तेथें त्यानें तीं ठेवलीं. आणि आपण पक्क्या भिंतींच्या घरांत त्याचीं पत्रें दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्यास घालतों.

आपण सुशिक्षित, शहरवासी मंडळी आहांत. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं कोणी चुलत आजोबा, कोणी मामा, कोणी वडील फौजेंत, लष्करी इस्पितळांत, टपाल खात्यांत किंवा रेल्वेंत युद्धकाळीं नोकरीस असतील. त्यांची एखादी पत्र्याची पेटी अजून माळ्यावर असेल. माझी विनंति साधी आहे. ती पेटी खालीं काढावी. पत्रें उलगडतांना घाई करूं नये. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये, कारण तिचा डिंक पुढें कागद खातो. स्वच्छ सुती कापडांत, कोरड्या जागीं ठेवावीं. लिफाफा व त्यावरचा शिक्का टाकूं नये; कित्येकदां तारीख व ठिकाण तेवढ्यावरच असतें. घरांत कोणी वृद्ध असतील तर त्यांच्याजवळ बसून 'हा कोण, ही कोण' असें विचारावें आणि तें वेगळ्या कागदावर लिहून ठेवावें. पत्र उरेल, पण ओळख सांगणारें माणूस उरणार नाहीं. अक्षर मोडी असेल तर जाणकाराकडून बाळबोध उतरवून घ्यावें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असल्या कागदांचें मोल जाणतें. त्याच्यासारख्या संस्थेस निदान एक प्रत द्यावी.

यापुढच्या युद्धांचीं पत्रें कशीं राहतील, हा प्रश्न कठीण आहे. आतां जवान घराशीं फोनवर बोलतो, तोंड पाहून बोलतो. त्यांत माउलीचा जीव लगेच भांड्यांत पडतो, हें मोठें सुख आहे, आणि त्याविषयीं कुरकुर करण्याचें कारण नाहीं. परंतु बोलणें हवेंत विरतें. जे कागद आधींच लिहिले गेले आहेत, ते तरी आपल्या हातांत आहेत. तेवढे राखण्यास राजवाड्यांची विद्वत्ता लागत नाहीं. त्या अक्षर न येणाऱ्या माउलीची दृष्टि पुरेशी आहे.